शेजारच्या बेडवर कोण आहे?

मागच्या महिन्यात भाच्याने रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. दादाचा कल्चर रिपोर्ट. डावीकडे अँटिबायोटिक्सची नावं आणि उजवीकडे उभी ओळ: आर, आर, आर, आर. क्लेबसिएला नावाचा जंतू, आणि जवळजवळ सगळ्या औषधांना रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा. दादा स्ट्रोकसाठी ॲडमिट झाला होता आणि व्हेंटिलेटरचा अकरावा दिवस होता.

"आत्या, तिकडे यावर कुठलं इंजेक्शन देतात?"

मी उलट विचारलं, "दादाच्या शेजारच्या बेडवर कोण आहे? आणि रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात?"

"त्याचा काय संबंध?"

मी इंग्लंडमध्ये आयसीयूत नर्स आहे. त्याआधी महाराष्ट्रात काम केलंय, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. आपल्याकडे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या दोन स्टेशनांवर थांबते. पहिलं म्हणजे केमिस्ट. चिठ्ठीशिवाय गोळ्या देतो, लोक दोन दिवस खाऊन सोडून देतात वगैरे. खरंच आहे ते. म्हणून तर 2014 पासून एच-वन शेड्यूल, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी, लागू झालं आणि पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम निघाली. पण असा जंतू एकदा तयार झाला की एका बेडवरून दुसऱ्या बेडवर तो गोळीतून जात नाही. हातावरून जातो, स्टेथोस्कोपवरून जातो, सक्शनच्या नळीवरून, बेसिनच्या मोरीतून जातो.

दुसरं स्टेशन अपमानाचं. 2008 मध्ये दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या, मूळ भारतीय असलेल्या एका पेशंटमध्ये कार्बापेनेम, म्हणजे शेवटच्या फळीतली अँटिबायोटिक्स, पचवणारं जंतूचं एन्झाइम सापडलं आणि त्याला 'न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', म्हणजे एनडीएम-1, असं नाव पडलं. 2010 च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधले नमुने प्रसिद्ध झाले आणि आपल्याकडे रान पेटलं. मेडिकल टुरिझम बुडवायचा डाव आहे, अशी ओरड झाली. त्याच वर्षी मी इथे आले होते. स्टाफरूममध्ये एकीने अगदी सहज विचारलं, "तुझ्या गावचा ना तो?" मी आठवडाभर धुमसत होते. आता वाटतं, धुमसायला फार काही नव्हतं. व्हिम नावाचं असंच एन्झाइम व्हेरोनाच्या नावावर आहे, एसपीएम साओ पावलोच्या. त्या शहरांनी मोर्चे काढल्याचं ऐकिवात नाही. नाव चुकलंच म्हणा, पण नावावर भांडताना आतल्या बेडचं काय झालं हे विचारायचं राहून गेलं.

इंग्लंड जन्मतः सोवळं नव्हतं, हे इथे सांगायलाच हवं. तेव्हाचा इथला जंतू एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस. 2001 पासून हॉस्पिटलांना रक्तातल्या एमआरएसएचे आकडे कळवणं सक्तीचं झालं आणि ते नावानिशी छापले जाऊ लागले. 2004 मध्ये सरकारने ते चार वर्षांत निम्मे करायचं जाहीर केलं. 2005 च्या निवडणुकीत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने पोस्टरच लावलं होतं: हॉस्पिटल स्वच्छ ठेवणं इतकं काय अवघड आहे? ते निवडणूक हरले, पण आकडे खरंच निम्म्याखाली आले. आपल्याकडे हॉस्पिटलच्या मोरीवरून मत मागणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही.

त्याच लाटेत 2008 च्या सुमारास कोपराखाली काहीही घालायचं नाही, हा नियम आला. मी इथे कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी वॉर्ड मॅनेजरने माझ्या हिरव्या बांगड्यांकडे बोट दाखवलं. काढताना एक पिचकली. आईला फोनवर सांगितलं नाही.

पण फक्त हात धुऊन सुटेल इतकं हे सोपं नाही. एमआरएसए उतरला तसे ई. कोलाय आणि क्लेबसिएलासारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू उतरले नाहीत. तेही निम्मे करायचं ठरलं होतं, मुदत आली आणि गेली. आपल्या आयसीयूंचं खरं दुखणं हेच जंतू आहेत. ते ओल्या जागी राहतात. नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने 2014 मध्ये आयसीयूच्या खोल्यांमधली बेसिनंच काढून टाकली, तर पेशंटच्या अंगावर सापडणारे हे जंतू कमी झाले, जास्त दिवस राहिलेल्यांमध्ये तर जास्तच. आमच्या युनिटमध्ये बेसिन आहे, पण त्यात फक्त हात धुवायचे. स्पंजिंगचं पाणी, उरलेला फीड, उरलेलं औषध, काही ओतायचं नाही. शिकत असताना आम्ही सगळं त्यातच ओतायचो आणि वरून नळ जोरात सोडायचो, म्हणजे स्वच्छ झालं! ते शिंतोडे कुठवर उडत होते, देव जाणे.

आणि माणसं. जिनिव्हाच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर दिदिए पिते आणि सहकाऱ्यांनी हात धुण्याची जी पाहणी केली, ती 1999 मध्ये छापून आली. हात स्वच्छ करायला हवे होते त्यापैकी सरासरी 48 टक्के वेळाच ते केले गेले होते. आयसीयूत तर 36 टक्के. काम जितकं जास्त, तितके हात कमी धुतले जात होते. आळसाचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे रात्री व्हेंटिलेटरवरचा एकच पेशंट असतो, क्वचित दोन. चार असते तर मीही हात न धुता धावले असते, बांगड्या असोत वा नसोत.

इथेही लोक दुखावतात. भारतात हॉस्पिटलमध्ये राहून आलेला पेशंट आला की त्याला वेगळी खोली आणि आधी स्वॅब. एक मराठी काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "आम्हाला वाळीत टाकलंय का गं?" मी म्हटलं, "काकू, स्कॉटलंडहून आलेला असता तर एवढं नसतं केलं, हे खरं. पण तिसऱ्या खोलीतल्या माणसाला आज केमो सुरू झालीय." त्यांनी मान हलवली. पटलं असं नाही म्हणणार मी.

तर दादा. तो जंतू त्याच्या आतड्यात आधीपासून असेलही, आपल्याकडे अनेकांच्या असतो. पण दोन्ही शेजारच्या बेडवर तोच रिपोर्ट असेल, तर उत्तर वेगळं. म्हणून भाच्याला सांगितलं, डॉक्टरांशी भांडू नकोस. तीनच गोष्टी विचार: गळ्यातली सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, अजून लागतेच का हे रोज कोण ठरवतं; या युनिटमध्ये गेल्या महिन्यात लाईनचे इन्फेक्शन किती झाले; आणि रात्री एका सिस्टरकडे पेशंट किती.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पहिल्याचं उत्तर डॉक्टरांनी नीट दिलं, लाईन संध्याकाळी काढलीसुद्धा. दुसऱ्याला "ते आमचं इंटर्नल असतं" म्हणाले. तिसरं त्याने सिस्टरलाच विचारलं. ती म्हणाली, "आज पाच. मावशी सुट्टीवर आहेत, म्हणजे पुसायचंही मीच."

"आणि आत्या, बेडच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटली आहे. मी दाबून बघितली. नुसती हवा आली."