'मोठी फायरप्लेस घ्या, जाळी बुजवा' हा मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या सोलापूरच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात फायरप्लेस आणि स्टोव्ह कसा घ्यावा, कसा जाळावा यावर एक फॉरवर्ड आला. त्याआधी तो आणखी तीन ग्रुपवर दिसला होता, तेव्हा सोडून दिला. पण या वेळी ताईनं तो थेट इंग्लंडमधल्या भाच्याला पाठवला. त्यानं यॉर्कशायरमध्ये जुनं दगडी घर घेतलंय आणि हॉलमध्ये लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवायचा आहे. रात्री त्याचा फोन: "मामा, आई म्हणते अकरा किलोवॅटचाच घे." आता गप्प बसणं शक्य नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या डाइंगचा बॉयलर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. लाकूड कसं जळतं आणि हवा कमी पडली की काय होतं, हे मला कुणी मेसेजमधून शिकवू नये.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दर शंभर चौरस फुटांना 5 किलोवॅट धरा, शंका असेल तर आणखी मोठी घ्या, रात्री हवेची झडप पूर्ण बंद करा म्हणजे निखारे सकाळपर्यंत टिकतात, भिंतीतली हवेची जाळी कापडानं बुजवा, तिथून ऊब पळते, ओलं लाकूड वापरा, ते जास्त वेळ जळतं, आणि उघडी फायरप्लेस बंद स्टोव्हपेक्षा जास्त ऊब देते.

पहिला मुद्दा हिशोबाचा. खोली तापवायला किती उष्णता लागेल हे नुसत्या फरशीच्या क्षेत्रफळावर ठरत नाही. छताची उंची, भिंती-खिडक्यांतून बाहेर जाणारी उष्णता आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक, हे सगळं त्यात येतं. ब्रिटनमध्ये स्टोव्ह विकणारे एक ढोबळ नियम वापरतात. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि आलेल्या आकड्याला 14 नं भागा. घर जुनं आणि गळकं असेल तर 10 नं. भाच्याचा हॉल 5 बाय 4 मीटर, उंची 2.7. म्हणजे 54 घनमीटर. 14 नं भागलं तर 3.9 किलोवॅट, 10 नं भागलं तर 5.4. मेसेजचा हिशोब मात्र अकराच्या जवळ जातो. दुपटीहून जास्त! आणि तो नियमसुद्धा बाहेर शून्याच्या आसपास थंडी असलेल्या देशाचा आहे. मेसेजमध्ये "कुठल्याही गावाला लागू" असं लिहिलंय, म्हणून सांगतो: सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे पारा साधारण 15 वर असतो. इथल्या हॉलला अकरा किलोवॅट म्हणजे जानेवारीत मे महिना.

एक गोष्ट मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. फार लहान स्टोव्ह घेऊन तो रोज कोंबून जाळला तर आतले पत्रे वाकतात, तडकतात. ते खरं आहे. पण त्यावरून "मोठाच घ्या" हा निष्कर्ष निघत नाही.

कारण मोठा घेतला की खोली अर्ध्या तासात असह्य होते, मग माणूस झडप बंद करतो. इथूनच खरा धोका सुरू होतो. वाफेची मागणी नसताना डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, बंद करून ठेवलेला बॉयलर ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. आग भडकत नाही, नुसती धुमसते. लाकडातला वायू न जळता वर जातो आणि थंड चिमणीत डांबरासारखा चिकट थर होऊन बसतो. पुढे एखाद्या दिवशी जोरात आग केली की तो थरच पेट घेतो. आणि धुमसणारं लाकूड कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतं. रात्रभर झडप बंद ठेवा हा सल्ला म्हणजे घरातली सगळी माणसं झोपलेली असताना हा वायू तयार करत राहण्याचा सल्ला आहे.

त्यात जाळी बुजवायची! मला सर्वांत जास्त राग या ओळीचा येतो. आग खोलीतली हवा खाते. तेवढीच हवा बाहेरून आत आली नाही तर चिमणीचा ओढा मरतो आणि धूर उलटा खोलीत येतो. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर आणखी लवकर. इंग्लंडच्या बांधकाम नियमांतला 'ॲप्रूव्ह्ड डॉक्युमेंट जे' कुणीही उघडून वाचावा, सरकारनं फुकट ठेवलाय. जुन्या, फटी असलेल्या घरात 5 किलोवॅटच्या वर प्रत्येक किलोवॅटला 550 चौरस मिलिमीटर कायम उघडी हवेची वाट हवी. अकरा किलोवॅटला 3300. घट्ट बांधलेल्या नव्या घरात तर पहिल्या किलोवॅटपासून. ही जाळी बंद करता येईल अशी नसावी, असंही तिथं लिहिलंय. लाकडाचा नवा स्टोव्ह बसवला की त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा लागतो, तोही स्टोव्हपासून आडव्या अंतरानं 1 ते 3 मीटरवर.

यावर ग्रुपवर एकीनं लिहिलं, "आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत दार लावून शेगडी ठेवतातच की, काही होत नाही." होतं. त्या शेगडीला तर चिमणीच नसते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त ओढीनं त्याला धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि बाळंतीण थकली असेल म्हणून सगळे तिला झोपू देतात. ओवा-शेपाची धुरी द्यायची तर दार-खिडकी उघडी ठेवून द्या, आणि निखारे खोलीबाहेर काढल्याशिवाय कुणी झोपू नका. बाळाचे कपडे बाहेर शेकून आत आणता येतात.

ओल्या लाकडाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. त्यातलं पाणी उकळण्यातच उष्णता जाते. 20 टक्के ओलाव्याचं लाकूड किलोला साधारण 4 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता देतं, निम्मं पाणी असलेलं जेमतेम 2. इंग्लंडमध्ये मे 2021 पासून घरगुती जळणाचे लहान गठ्ठे 20 टक्क्यांपेक्षा ओले विकायलाच बंदी आहे. उघड्या फायरप्लेसची बहुतेक उष्णता चिमणीतून निघून जाते, वर खोलीतली गरम हवाही ती ओढून नेते. चांगला बंद स्टोव्ह लाकडातली 75 टक्क्यांहून जास्त उष्णता खोलीला देतो.

भाच्याला सांगितलंय: 5 किलोवॅटचा घे, हेटासकडे, म्हणजे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेकडे, नोंद असलेल्या माणसाकडून बसवून घे, आधी चिमणी साफ करून घे. ताईलाही सांगितलं. तिनं मेसेज आपल्या ग्रुपवरून काढलाय. बाकीच्या तीन ग्रुपवर तो अजून तसाच आहे, ज्यांनी टाकला त्यांनी तो आजच काढावा.