पूर्वाश्रमीचा पडदा

पिशवीलाही चारित्र्याचा दाखला लागतो हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. परवाच्या प्रदर्शनात कळलं, आणि अजून डोक्यातून जात नाहीये.

मी जुन्या कापडाच्या पिशव्या शिवतो आणि विकतो. पडदे, चादरी, टेबलक्लॉथ, जीन्स, हाती लागेल ते. ‘शिवतो’ असं लिहिलंय, ‘शिवून घेतो’ असं नाही. मुद्दाम सांगतोय, कारण टेबलापुढे येणारा दर दुसरा माणूस ‘मिसेस छान शिवतात हो’ म्हणतो. मिसेसना सुईत दोरा ओवायचाही कंटाळा आहे. पूर्वी मी हे खुलासेवार सांगायचो. हल्ली ‘हो, सांगतो तिला’ म्हणून मोकळा होतो. ती कौतुक ऐकून घेते, ‘थँक्यू म्हणाव’ म्हणते आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघते.

तर परवा एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, चष्मा साखळीला अडकवलेला, बरोबर नवरा. नवरा आल्या आल्या टेबलामागे येऊन माझ्या खुर्चीत बसला. खुर्ची एकच होती. पण ते इतक्या हक्काने बसले की ‘उठा’ म्हणणं म्हणजे मीच आगाऊपणा करतोय असं वाटायला लागलं. पुढचं सगळं मी उभ्याने सोसलं.

बाईंनी निळ्या फुलांची पिशवी उचलली. ही माझी त्या दिवसाची सगळ्यात देखणी पिशवी. जाड सुती पडदा. बाहेर आलेल्या चुण्या उन्हाने फिकटलेल्या, आत दडलेल्या भागात मूळची निळाई शाबूत. ते फिके-गडद पट्टे मधोमध यावेत म्हणून मी खडूने तीनतीनदा आखून, पुसून, परत आखून कापले होते. बंद जीन्सच्या पायातून काढलेले, आणि जिथे बंद पिशवीला जोडतात तिथे चौकोन शिवून आत फुली मारलेली. पिशवी फाटते ती बहुतेक त्याच जागी, म्हणून तिथे मी १६ नंबरची सुई लावतो आणि एरवी गुणगुणत असलो तरी तेवढ्यापुरता गप्प बसतो.

“छान आहे. नवीनच आहे ना?”

“पिशवी नवीन आहे. कापड जुनं आहे.”

“जुनं म्हणजे?”

“पडदा होता आधी.”

बाईंनी पिशवी खाली ठेवली नाही, पण आतापर्यंत पंजात होती ती दोन बोटांत आली.

“कोणाचा?”

“काय कोणाचा?”

“पडदा हो. कोणाकडचा?”

“ते नाही सांगता येणार. जुन्या कपड्यांचे गठ्ठे विकतात, त्यातून आला.”

“म्हणजे अनोळखी.”

एवढी वर्षं या कापडात घालवली, पण पडदे ओळखीचे आणि अनोळखी अशा दोन जातींचे असतात हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

“हॉलचा होता का बेडरूमचा?”

“लांबीवरून हॉलचा वाटतो.”

“बाथरूमचा नाही ना?”

“बाथरूमला कोणी सुती पडदा लावत नाही, काकू.”

“लावतात. यांच्या बहिणीकडे होता.”

“होता,” खुर्चीतून दुजोरा आला.

बाई पुढे झुकल्या. चष्मा डोळ्यांवर चढला, आवाज उतरला. “आणि ते लोक... आहेत ना?”

“कोण लोक?”

“ज्यांचा हा पडदा, ते. हयात आहेत ना?”

मी टेबलावरच्या पिशव्यांकडे पाहिलं. मघापर्यंत त्या पिशव्या होत्या. आता ती एकेकाची मागे राहिलेली चीजवस्तू दिसायला लागली.

“असतील की. पडदे लोक कंटाळा आला म्हणूनही काढतात.”

“चांगला पडदा कोणी उगाच काढत नाही. काहीतरी झालं असणार.”

“घर बदललं असेल,” खुर्चीतून.

“तुम्ही गप्प बसा. घर बदललं की पडदे बरोबर नेतात.”

“मापं जुळत नाहीत.”

“जुळवून घेतात. मी नाही घेतले?”

यावर खुर्ची गप्प झाली. या शांततेमागे एका जुन्या घरबदलाचा इतिहास असावा आणि त्यात नवऱ्याने शिडीवर उभं राहून घालवलेला एखादा रविवार असावा असा माझा कयास आहे.

हे चाललं असताना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी हिरव्या पिशवीचे पैसे काढत होती. ‘हयात’ हा शब्द तिच्या कानावर पडला. तिने पिशवी उलटी केली, आतून पाहिली, हळूच जागेवर ठेवली आणि ‘येते हं फिरून’ म्हणाली. प्रदर्शनात फिरून कोणी येत नाही. आणि ती हिरवी पिशवी पडद्याची नव्हतीच. ती कॅनव्हासच्या नव्या कोऱ्या ताग्यातल्या उरलेल्या तुकड्यांची होती. तिच्या वंशात कोणी गेलेलं नव्हतं.

इथे मला राग येतो तो सांगूनच टाकतो. हीच माणसं हॉटेलच्या चादरीवर निवांत झोपतात. काल त्या चादरीवर कोण होतं, आज ते कसं आहे, याची चौकशी रिसेप्शनवर करताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही. माझा पडदा गरम पाण्यात भिजतो, साबणात खळबळतो, कडक उन्हात वाळतो, वर इस्त्रीखाली जातो. मग मी तो दोन अंगठ्यांत धरून उभ्या आणि आडव्या धाग्यावर ताणतो. ‘चर्र’ आवाज आला की तो तुकडा बाद. ऊन कापसाला आतून खातं. वरून रंग मस्त दिसतो आणि बोट घातलं की आरपार जातं. रेशीम तर आणखी दगाबाज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेशीम जड आणि भारी वाटावं म्हणून त्याला कथलाचे क्षार पाजायचे. तसलं कापड आज घडी उलगडतानाच घडीवर तुटतं. अख्ख्या पडद्यातून शेवटी कामाचं कापड मिळतं ते बरेचदा खालच्या दुमडीतलं, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. ती दुमड ब्लेडने उसवायची, टाका टाका मोजत, धागे चिमटीने वेचत. पिशवी शिवायला लागतो त्याहून जास्त वेळ उसवण्यात जातो. पण उसवणी दिसत नाही ना! दिसतात ते दोन चौकोन आणि दोन पट्टे. ‘यात एवढं काय आहे’ हे वाक्य त्या दोन चौकोनांना बघूनच सुचतं.

शेजारच्या टेबलावर यंत्राने शिवलेल्या, छापील सुविचाराच्या पांढऱ्या पिशव्या होत्या. ‘पृथ्वी वाचवा’ लिहिलेल्या. धडाधड जात होत्या. त्यांचं कापड आधी कोणाचं होतं असं कोणी विचारलं नाही, पृथ्वीचंच असणार.

त्यातच एक तरुण आला, हातात मोबाइल, चेहऱ्यावर माहिती. “सर, सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच पर्यावरणाला परवडते, माहितीये ना?” आता हे मला माहीत आहे, आणि त्याच्यापेक्षा सविस्तर माहीत आहे, हीच माझी अडचण. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेचा २०१८ चा अभ्यास आहे तो. सगळे निकष धरून प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायची तर साधी सुती पिशवी ७,१०० वेळा आणि ऑरगॅनिक सुताची २०,००० वेळा वापरायची. रोज एकदा म्हटलं तरी ऑरगॅनिकवाल्याला जवळजवळ ५५ वर्षं लागतील, पिशवी मृत्युपत्रात लिहावी लागेल. पण फक्त हवामानबदलाचा हिशेब केला तर तोच अभ्यास ५२ आणि १४९ वर येतो. आणि हे सगळं नव्याने पिकवलेल्या, नव्याने विणलेल्या कापसाचं गणित. माझ्या पडद्यासाठी नवं बोंड फुटलेलं नाही. हे मी तळमळीने सांगत होतो. तरुण ‘इंटरेस्टिंग’ म्हणाला, निळ्या पिशवीचा फोटो काढला आणि गेला.

मी वळून बघतो तर टेबलाचा कारभार हातून गेलेला. खुर्चीतल्या गृहस्थांना लोक मालक समजत होते. साहजिकच आहे, बसलेला तो मालक आणि उभा तो नोकर. एका बाईंनी त्यांना जीन्सच्या पिशवीची किंमत विचारली. त्यांनी चिठ्ठी उलटून पाहिली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि अतिशय उदारपणे म्हणाले, “घ्या हो, करू कमी.”

“किती?”

“तुम्ही सांगा.”

त्या बाईंनी सांगितलं. सांगताना त्यांना कसलीही लाज वाटली नाही. गृहस्थ म्हणाले, “द्या रे यांना.”

‘रे’ मला होता.

दिली. गिऱ्हाइकासमोर मालकाचा शब्द कसा मोडणार? त्या पिशवीच्या पायी जाड शिवणीवर माझ्या दोन सुया तुटल्या होत्या. जीन्सचे तांब्याचे रिव्हेट १८७३ च्या पेटंटपासून कापड फाटू नये म्हणून ठोकलेले आहेत, आणि ते उपटताना कापड फाटू नये याचं पेटंट अजून कोणी घेतलेलं नाही. ती बाई जाता जाता गृहस्थांना म्हणाली, “मिसेस छान शिवतात हं तुमच्या.” ते म्हणाले, “हो ना.”

निळी पिशवी त्यांच्या मिसेसनी अर्थातच घेतली नाही. पण त्यांचं मन दयाळू. “तुम्हाला पडदे लागतात ना? आमच्याकडे पडून आहेत. आमचेच, म्हणजे माहितीतले. त्यातलीच एक पिशवी मला शिवून द्या,” असं म्हणून त्यांनी माझा नंबर घेतला.

काल गठ्ठा आला. मी तो खिडकीपाशी उघडला. वरच्या दोन पडद्यांना हुका तशाच लटकत होत्या, त्यातली एक तळहातात शिरली. कापड अंगठ्यांत धरून ताणलं तर चर्र. दुसरं, चर्र. तिसरा पॉलिएस्टरचा, तो फाटला नाही, प्रलय आला तरी फाटणार नाही, पण इस्त्रीखाली वितळेल. सगळ्यात तळाला व्यवस्थित घडी घातलेला एक प्लास्टिकचा पडदा होता, शेवाळी कडेचा, वर ओळीने आयलेट. बाथरूमचा. मोठ्या मुश्किलीने खालच्या दुमडीतून वीतभर रुंदीची पट्टी बरी निघाली. तिच्यात पिशवी होणार नाही. चष्म्याची म्यान होईल फार तर.

तसं मी कळवलं. नम्रपणे, हुकेचा उल्लेख टाळून.

लगेच उत्तर आलं: “म्यान चालेल. शिलाई किती? कापड आमचंच आहे, त्यामुळे तुमचा खर्च काहीच नाही.”

मी शिलाई सांगितली. उसवणीची धरून सांगितली, एकदाची.

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं: “हे म्हणताहेत, तुम्ही कमी करता.”