बसून बोलणाऱ्या माणसाची चित्रे कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘शोवा गेन्रोकु राकुगो शिन्जू’ ही जपानी ॲनिमे मालिका नुकतीच पाहून मी जो लेख लिहिला, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपल्या आक्षेपांचा सारांश असा : एक माणूस उशीवर बसून मिनिटामागून मिनिटे बोलत राहतो, त्याला चित्रे कशाला, नुसता आवाज ऐकवला असता तरी भागले असते, जपानी न येणाऱ्याने इंग्रजी सबटायटल्स वाचत कथनकलेला दाद देणे हा निव्वळ आव आहे, राकुगोला, म्हणजे एकट्याने बसून गोष्ट सांगण्याच्या या जपानी कलेला, मी ‘जपानचे कीर्तन’ म्हटले ते चूक आहे, आणि मालिकेतल्या मियोकिची या स्त्रीवर झालेल्या अन्यायाविषयी माझा लेख गप्प आहे. शिवाय आपण दोन भाग पाहून मालिका सोडलीत, हेही प्रांजळपणे सांगितलेत, आणि माझ्या उत्तराचा बराचसा भाग या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

कीर्तनाची उपमा आधी मागे घेतो. कीर्तनकार उभा असतो, त्याला साथीदार असतात, आणि आख्यान कितीही रंगले तरी ते पूर्वरंगातल्या निरूपणाला जोडलेले असते. राकुगोत निरूपण नसते. गोष्ट ‘ओची’ नावाच्या शेवटच्या कलाटणीवर येते, प्रेक्षक हसतात, सांगणारा वाकून नमस्कार करतो आणि उठून जातो. त्याच्याकडे पंखा आणि हातरुमाल या दोनच वस्तू असतात. मराठी वाचकाला चटकन उमगावे म्हणून जवळचे नाव वापरण्याचा मोह मला झाला होता. मूळ लेखातले ते वाक्य काढून टाकले आहे.

चित्रांविषयीचा आपला आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. राकुगो हा ऐकण्याइतकाच पाहण्याचा प्रकार आहे. दोन पात्रांचे संभाषण चालू असताना कोण बोलत आहे हे सांगणाऱ्याच्या मान वळवण्यावरून कळते, आणि घरचा मालक कोण व दारात आलेला कोण हेही तो कोणत्या दिशेला पाहतो त्यावरून कळते. मिटलेला पंखा कधी नूडल्स खायच्या काड्या होतो, कधी चिलीम, कधी लिहायचा कुंचला. एवढ्यावर आपण म्हणाल, मग कलाकारापुढे कॅमेरा ठेवावा, रेखाटायचे कशाला? माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

दूरचित्रवाणीसाठीच्या ॲनिमेमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी असतात, पण एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी तसेच ठेवण्याची रीत असल्यामुळे प्रत्यक्षात सेकंदाला साधारण आठ ते बारा चित्रे लागतात, आणि पात्र बसून बोलत असेल तेव्हा तर बहुधा फक्त ओठ हलवून उरलेले चित्र जसेच्या तसे ठेवतात. बसून बोलणारा माणूस ही या धंद्यात काटकसर करण्याची हक्काची जागा. दिग्दर्शक मामोरु हाताकेयामा आणि स्टुडिओ दीन यांनी नेमके तिथेच हात सैल सोडले आहेत. जिवंत कलाकाराच्या चेहऱ्यावर कितीतरी गोष्टी आपोआप घडतात. पापणी लवते, घाम येतो, आवंढा गिळला जातो. चित्रात आपोआप काहीच घडत नाही. पापणी लवली तर ती कोणीतरी ठरवून लववलेली असते आणि खांदा स्थिर राहिला तर तोही ठरवून स्थिर ठेवलेला असतो. त्यामुळे सांगणाऱ्याच्या लहानशा हालचालीला इथे जे वजन येते, ते मला चित्रित केलेल्या प्रयोगात क्वचितच जाणवले आहे.

आपली प्रतिक्रिया वाचल्यावर मी एक प्रयोग केला. पहिल्या भागात तुरुंगातून सुटलेला योतारो ‘देकिगोकोरो’ ही वेंधळ्या चोराची गोष्ट सांगतो, आणि त्याला पुन्हा टोळीत ओढायला आलेला त्याचा जुना म्होरक्या समोर प्रेक्षकांत बसलेला असतो. तो प्रसंग मी आवाज पूर्ण बंद करून पाहिला. चोर कोणता आणि घरमालक कोणता, योतारो कुठे अडखळतो, कोणत्या क्षणी गोष्ट त्याच्या हाताशी येते, हे सगळे समजले. नुसत्या आवाजावर ते समजले नसते असा माझा दावा नाही. योतारोला तोमोकाझु सेकी यांनी दिलेला आवाज उत्तमच आहे. पण चित्रे त्या आवाजाला दिलेली सजावट नाहीत, एवढे माझ्यापुरते तरी नक्की झाले.

आता आपण मालिका जिथे सोडलीत त्या जागेविषयी. दुसऱ्या भागात किकुहिको आणि हात्सुतारो हे दोघे शिष्य एकाच दिवशी पहिल्यांदा मंचावर जातात. हात्सुतारो सभागृह जिंकतो आणि किकुहिको ताठरलेला, पुटपुटल्यासारखा बोलत कसाबसा शेवट गाठतो. आपल्याला तो प्रयोग कंटाळवाणा वाटला, कारण तो कंटाळवाणाच आहे, आणि तसा तो काढणे फार अवघड आहे. वाईट कलाकाराचे चित्र स्वतः वाईट न होता काढायचे, आवाजाने वाईट सांगायचे पण अभिनय मात्र अचूक करायचा. आकिरा इशिदा यांनी याच किकुहिकोला तारुण्यापासून थेट वार्धक्यापर्यंत आवाज दिला आहे, त्यामुळे या सुरुवातीच्या कोरडेपणाची किंमत पुढे कळते. पाचव्या भागात एका नाटकात स्त्रीवेषात उभा राहिल्यावर प्रेक्षकांच्या नजरेचा त्याला पहिल्यांदा स्पर्श होतो, आणि सहाव्या भागात तो ‘शिनागावा शिन्जू’ सांगतो. वय होत चाललेली एक गणिका, पैशांची चणचण आणि सोबत मरायला तयार होणारा एक भोळा गिऱ्हाईक अशी ती गोष्ट आहे. आवाज खाली उतरतो, बोटे सावकाश हलतात, आणि दुसऱ्या भागातला तो घाबरट मुलगा हाच, यावर विश्वास बसत नाही. दुसरा भाग पाहिलेला नसेल तर सहाव्यात काही घडल्याचे कळणारच नाही.

एक कबुली मात्र द्यायला हवी. नेहमीच्या दुप्पट लांबीचा पहिला भाग नवख्या प्रेक्षकाची परीक्षा पाहतो. तो दोन बैठकांत पाहावा असे मी लेखात सुचवायला हवे होते.

सबटायटल्सच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शब्दांवरच्या कोट्या भाषांतरात मरतात आणि काही गोष्टींच्या ओचीला मी हसलो ते इतर प्रेक्षक हसले म्हणून, हे खरे. तरीही मालिकेच्या गाभ्याशी असलेली ‘शिनिगामी’, म्हणजे मृत्युदेवाची गोष्ट, शब्दांवर संपत नाही. गुहेत माणसांच्या आयुष्याच्या मेणबत्त्या जळत असतात, नायकाची विझायला आलेली असते, ती विझते आणि सांगणारा बसल्या जागी पुढे कोसळतो. त्याला भाषांतर लागत नाही. शिवाय ही कथाच मुळात युरोपातून आलेली. मेइजी काळात (१८६८–१९१२) राकुगो कलाकार सान्यूतेइ एन्चो यांनी तिला जपानी रूप दिले. भाषा ओलांडूनच ती राकुगोत आली, तेव्हा आणखी एकदा ओलांडल्याने तिचे फार बिघडू नये.

मियोकिचीच्या बाबतीत आपण मला योग्य जागी पकडले आहे. पहिल्या पर्वात ती किकुहिको आणि हात्सुतारो या दोन पुरुषांच्या मैत्रीत आलेले विघ्न म्हणून दिसते आणि बराच काळ तिच्या बाजूने कोणी बोलत नाही. माझे म्हणणे एवढेच की हे मालिकेला ठाऊक आहे. (पुढच्या दोन वाक्यांत कथानक थोडे उघड होते.) पहिल्या पर्वात मियोकिचीच्या शेवटच्या रात्रीची जी हकीकत आपण पाहतो ती म्हाताऱ्या याकुमोने, म्हणजे पूर्वीच्या किकुहिकोने, सांगितलेली असते, आणि गोष्ट सांगणे हाच त्याचा धंदा आहे. दुसऱ्या पर्वात त्याच रात्रीची वेगळी हकीकत बाहेर येते, तेव्हा मियोकिचीचे आधीचे चित्रही डळमळते. या कलेत स्त्रियांची पात्रे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनीच वठवली. १९४१ मध्ये कलाकारांनी काळाला न शोभणाऱ्या म्हणून ५३ गोष्टी बाजूला काढल्या आणि तोक्योच्या असाकुसा भागातल्या होन्पोजी मंदिरात त्यांचे स्मारक उभारून त्या प्रतीकरूपाने पुरल्या, त्यांतही वेश्यावस्तीतल्या गोष्टी पुष्कळ होत्या. तोक्योत स्त्रियांना ‘शिन्उची’ हा सर्वोच्च दर्जा मिळायला १९९३ साल उजाडावे लागले. मियोकिचीची मुलगी कोनात्सु हिला मंचावर बसण्याची जी ओढ आहे, तिच्याकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. हे सगळे मी लेखात लिहायला हवे होते. एवढे लिहूनही मियोकिचीला न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही. तिच्या वाट्याला स्वतःची गोष्ट स्वतः सांगण्याचा एकही भाग आलेला नाही.

आपल्याला सवड झाली तर तिसऱ्या भागापासून पुढे सहाव्यापर्यंत पाहावे, अशी विनंती आहे. त्यानंतरही ध्वनिफीतच पुरली असती असे वाटले तर अवश्य लिहा. फक्त तो सहावा भाग कानांनी न पाहता डोळ्यांनी पाहिलात, एवढे त्यात नमूद करा.