मशीन काकांचं, मर्जी कंपनीची

आज डोकं फिरलंय, पोस्ट मोठी होणार. कंटाळा आला तर खुशाल पुढे जा.

सकाळी काकांचा फोन. काकांचं तालुक्याच्या गावी लग्नपत्रिकांचं दुकान आहे, तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी तिथूनच पत्रिका छापून घेतल्यात. तर त्यांच्याकडे कॉम्प्युटर बघायला जो पोरगा येतो तो म्हणाला, काका हा आता भंगारात घाला, विंडोज १० संपलं आणि याच्यावर ११ चढणार नाही. चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह प्रोसेसर, वर एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क टाकलेली, पत्रिका डिझाइन करायचं कोरल सॉफ्टवेअर झटक्यात उघडतं. भंगार म्हणे! तेही ऐन लग्नसराईत!

पोरगा खोटं बोलत नाहीये, तीच तर पंचाईत आहे. २०२१ ला मायक्रोसॉफ्टने ११ आणलं तेव्हाच अट घातली की टीपीएम २.० (सिक्युरिटीची सोय) पाहिजे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठवी जनरेशन किंवा पुढची. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट बंद. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक मशीनं बाद, ती नीट चालतात की नाही हे कुणी विचारलंच नाही. आणि २०१५ ला यांचाच एक माणूस स्टेजवरून सांगत होता की १० हे विंडोजचं शेवटचं व्हर्जन!

बरं, टीपीएमने सिक्युरिटी वाढते, मान्य. पण काकांच्या मशीनमधून चोरून चोरणार काय, 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'?

काकांचा टास्कबार, म्हणजे स्टार्ट बटणाची ती पट्टी, डावीकडे असतो, उभा. पत्रिका उभी आणि स्क्रीन आडवा, मग पट्टी बाजूला सरकवली की उंची जास्त मिळते, गणपतीपासून आहेराच्या सूचनेपर्यंत अख्खी पत्रिका एका नजरेत दिसते. विंडोज ९५ पासून ही सोय होती. ११ आलं तेव्हा काढून टाकली. का तर का, पट्टी खालीच राहणार. माणसाचा हात ज्या जागेवर बसलाय ती जागा बदलायचा हक्क यांना दिला कुणी? मला या एवढ्याशा गोष्टीचा जास्त राग येतो, टीपीएमपेक्षाही.

आणि नवीन घ्यायचा म्हटला तर आधी नेट जोडा, मग कंपनीचं खातं काढा, मग तुमचा स्वतःचा, रोख पैसे मोजून आणलेला कॉम्प्युटर सुरू होणार. सेटअपच्या वेळी एक कमांड टाकून हे टाळता यायचं, मार्च २०२५ मध्ये टेस्टिंगच्या व्हर्जनमधून तीही उडवली. नंतर लोकल अकाउंट, म्हणजे कंपनीशी न जोडलेलं, करता येतं, हो, माहितीये मला. पण काकांना येतं का? त्यांच्या ईमेलचा पासवर्ड कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो, दुधाच्या हिशोबाशेजारी. घर बांधून झाल्यावर गवंड्यानेच दारात उभं राहून नाव-गाव विचारावं, तसला प्रकार आहे हा.

मॅकवाल्यांनी हसू नका. तुमच्याकडे कंट्रोल दाबून क्लिक केलं की अनोळखी अ‍ॅप उघडायचं ना, ते २०२४ च्या सिकोया व्हर्जनमध्ये बंद झालं, आता सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी देत बसा. आणि लिनक्सवाले, तुम्ही येणारच कमेंटमध्ये, या. कोरल आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी काकांच्या टेबलावर बसून नीट चालवून दाखवा, मी स्वतः चहा पाजतो.

दुपारी जरा शांत झालो, काकांना म्हटलं घाबरू नका, ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळवता येतात. तीस डॉलर भरा, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चढवा म्हणजे फुकट. काका म्हणाले, "म्हणजे परत खातं?" हो काका, परत खातं. गप्प बसले. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस, छपाईचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला, आणि त्याला मी फोनवर हे समजावतोय. वाईट वाटलं हो.

पुन्हा चिडलो ते हे वाचून की युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांसाठी बॅकअपची अट काढली. खातं तिथेही लागतं म्हणा. पण भांडल्यावर काहीतरी हललं ना? आपल्याकडे आपण फक्त फॉरवर्ड करतो. मुंबई ग्राहक पंचायतीत कुणाची ओळख असेल तर सांगा, अर्ज मी लिहितो, सह्या तुम्ही करा. आणि काकांना मशीन विकायचं नाहीये, तेव्हा "केवढ्याला देताय" विचारायला इनबॉक्समध्ये येऊ नका.