प्रतिक्रियेला उत्तर : दुभाषी फक्त परदेशी रुग्णालाच का?

नमस्कार सर,

बँकॉकच्या बुमरुनग्राद हॉस्पिटलवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा मोठं देते. तुमचं म्हणणं असं, की परदेशी रुग्ण डॉलर आणतात, त्यातून नवी मशिनरी येते आणि ती आपल्याही कामी येते. शिवाय, चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांच्या सोलापुरातल्या बाईने परदेशी रुग्णांविरुद्ध लिहावं हे शोभत नाही.

आधी माझी चूक कबूल करते. ‘बाहेरच्यांमुळे आपल्या माणसांना खाट मिळत नाही’ असं मी लिहिलं होतं, त्याला माझ्याकडे पुरावा नव्हता. ते वाक्य मागे घेते. पोटच्या पोरासाठी देश ओलांडून येणाऱ्या आईबापांवर माझा कसला राग असणार?

पण बुमरुनग्रादकडे मी का बोट दाखवलं, ते बघा. १९८० साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल. १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, तिथल्याच लोकांना खासगी उपचार परवडेनात, तेव्हा त्यांनी बाहेरच्या रुग्णांवर भर दिला. त्यांच्यासाठी अनेक उपचारांचे पॅकेज दर आधीच जाहीर केले, अरबी, जपानी बोलणारे दुभाषी नेमले, हलाल जेवणाची सोय केली. यातल्या एकाही गोष्टीला मशीन लागत नाही, माणूस लागतो.

आता आमची गोष्ट. गेल्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या एका मावशींना हृदयाच्या झडपेसाठी पुण्याच्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं होतं. भल्या पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. मावशींची भाषा तेलुगू, मराठी बाजारहाटापुरती. तिथे परदेशी रुग्णांसाठी वेगळी खोली होती, अरबी बोलणारा मुलगा होता. आमचा दुभाषी म्हणजे मावशींचा चौदा वर्षांचा नातू. डॉक्टरांनी त्रास विचारला, मावशी ‘आयासम’ म्हणाल्या, नातवाने सांगितलं ‘थकते’. कागदावर थकवा लागला. सोलापुरात परतल्यावर इथल्या सिस्टरने तेलुगूत विचारलं तेव्हा कळलं, की आडवं पडलं की त्यांना दम लागतो, रात्र रात्र उशीला टेकून बसून काढतात. हृदयाच्या डॉक्टरला ही गोष्ट पहिल्याच भेटीत कळायला हवी होती. आपल्याकडच्या कितीतरी सिस्टर रोज कन्नड, तेलुगू, मराठी बोलतात. गुलबर्गा, विजापूरचा रुग्ण सोलापुरात येऊन भाषेवाचून अडत नाही. पुण्याला हे अशक्य आहे का?

ऑपरेशनला पुन्हा गेलो. डिपॉझिट पहिल्या दिवशी भरलं, खर्चाचा पूर्ण आकडा डिस्चार्जच्या दिवशी कळला.

मशिनरीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण ती आपल्या माणसाच्या वाट्याला येते ती नियमामुळे, आपोआप नाही. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. आम्हाला हे तिथे कुणी सांगितलं नाही. बिल भरून घरी आल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं. थायलंडचंच बघा. २००२ मध्ये बुमरुनग्रादला जेसीआय या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारने सर्वांसाठी ३० बाथवाली (बाथ म्हणजे तिथलं चलन; एका भेटीला तेवढेच भरायचे) आरोग्ययोजना देशभर नेली. डॉलर आले म्हणून गरिबाची सोय आपसूक झाली नाही, त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

कोटणीसांचं नाव तुम्ही काढलंत, बरं झालं. १९३८ मध्ये ते चीनला गेले, ३२व्या वर्षी तिथेच वारले. मधल्या चार वर्षांत ते चिनी भाषा शिकले. रुग्णाने आपल्या भाषेत यावं म्हणून ते थांबले नाहीत. मी मावशींसाठी एवढंच मागते आहे.

पुढच्या महिन्यात तपासणीला पुन्हा पुण्याला जायचं आहे. या वेळी खर्चाचा अंदाज आणि तेलुगू येणारी एखादी सिस्टर, दोन्ही आधीच लेखी मागितलं आहे. उत्तर आलं की इथेच कळवते.