पकड सुटते, पण दुखत नाही

इंग्लंडचा माजी रग्बी कर्णधार लुईस मूडी याने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याला मोटर न्यूरॉन आजार झाल्याचं जाहीर केलं आणि 'रग्बीवाल्यांना हा आजार १५ पट' हा आकडा पुन्हा वर आला. आपल्या कोकण किनारपट्टीवर रग्बी कोण खेळतं? पण कबड्डी गावोगाव आहे, अंगावर अंग आदळणं तिच्यातही आहे, आणि असा आकडा वाचून उद्या कुणी पोराला मैदानावरून घरी आणेल. त्याआधी तो आकडा उघडून बघू या.

आजार कोणता ते आधी. मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी असतात, त्या मरत जातात. हुकूम थांबला की स्नायू सुकतो. स्पर्श, नजर, कान शाबूत राहतात आणि अनेकांची समजही. स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता, फक्त ते अपवादाने ५५ वर्षं जगले. पाश्चात्त्य देशांत लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दोन ते चार वर्षं मिळतात. अमेरिकेत याला लू गेरिगचं नाव आहे. सलग २१३० सामने खेळलेला हा बेसबॉलपटू. निदान १९ जून १९३९ ला, छत्तिसाव्या वाढदिवशी, आणि मृत्यू २ जून १९४१ ला. इंग्लंडचा रग्बी लीगपटू रॉब बरो २०२४ मध्ये ४१ व्या वर्षी गेला, तोही २ जूनलाच. स्कॉटलंडचा रग्बीपटू डॉडी वेअर २०२२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचा यूस्ट फान डर वेस्टहेझन २०१७ मध्ये. नावं ओळीने वाचली की वाटतं, खेळानेच मारलं.

आता ते '१५ पट'. स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय रग्बीपटूंची त्याच वयाच्या, तशाच वस्तीतल्या सर्वसामान्य पुरुषांशी तुलना केली गेली, २०२२ मध्ये निकाल आला. खेळाडू ४१२ आणि आजार दुर्मीळ, म्हणजे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे खरा आकडा दुपटीपासून पावणेदोनशे पटीपर्यंत कुठेही असू शकतो, हे त्याच निबंधात लिहिलंय. बातमीत मधलाच आकडा येतो. मोठ्या गटांवर जास्त विसंबावं. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले १९६० ते २०१९ दरम्यानचे १९,४२३ खेळाडू तपासले तेव्हा ३८ जणांना आजार निघाला, अपेक्षेच्या साडेतीन पटींहून थोडा जास्त. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत या आजाराने मृत्यू चौपटीच्या आसपास. म्हणजे चौपट खरं धरून चालावं. पण १९,४२३ पैकी ३८, हेही त्याच वाक्यात म्हणावं. शिवाय त्याच स्कॉटिश फुटबॉलपटूंमध्ये हृदयविकार आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणारे इतरांपेक्षा कमी होते. खेळ सोडायला लावणाऱ्याने हे पारडंही बघावं.

कारणाचा माग काढला गेला तो इटलीत, तोही भलत्याच वाटेने. तूरिनचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो फुटबॉलमधल्या उत्तेजक औषधांची चौकशी करत होते, त्यात हा आजार जास्त दिसला. मग ७,३२५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले गेले. जेमतेम एक रुग्ण अपेक्षित होता असं म्हणा (०.७७), मिळाले ५. संशय सगळ्यांवर गेला: औषधं, मैदानावरची कीटकनाशकं, हेडर (डोक्याने चेंडू मारणं), अतिश्रम. पुढे इटलीतल्याच व्यावसायिक सायकलपटूंमध्ये आणि बास्केटबॉलपटूंमध्ये शोधलं तर एकही रुग्ण नाही. घाम तर सायकलवालाही गाळतो. त्यामुळे नुसत्या श्रमावर बोट ठेवता येत नाही. पण लगेच डोक्याच्या मारावर सगळं ढकलू नका. स्वीडनमध्ये ९० किलोमीटरची वासालोपेत स्की शर्यत होते, तिथे कुणी कुणाला धडकत नाही, तरी सर्वांत वेगवान स्कीपटूंमध्ये हा आजार जास्त दिसला.

माझं मत असं की ही एका दोषीची केस नाही. २०१४ पासून एक विचार मांडला जातोय आणि तो मला सर्वांत पटतो: आजार सुरू व्हायला सरासरी सहा पायऱ्या चढाव्या लागतात. एखादी पायरी जन्मतः चढलेली असते (दहातल्या साधारण एकात घराण्यातच आजार असतो), एखादी विडी-सिगारेटमुळे, एखादी वयामुळे, एखादी डोक्याच्या मारामुळे, एखादी वर्षानुवर्षांच्या टोकाच्या श्रमांमुळे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की टोकाचे श्रम आणि आजार यांचा धागा जनुकांतून जातो. सगळ्यांना सारखा धोका नसतो. आणखी एक गुंता आहे. ज्या जनुकांमुळे माणूस सडपातळ, चपळ, दमसासाचा होतो, तीच कदाचित त्याच्या चेतापेशींना नाजूक करत असतील. मग खेळ हे कारण नसून त्याच मुळाची दुसरी फांदी ठरेल. कीटकनाशकांचा संबंधही अनेक अभ्यासांत दिसतो. मोहोरापासून फळापर्यंत कलमांवर फवारे मारणाऱ्यांनी मास्क आणि हातमोजे घालायला या आजाराचीच भीती हवी असं नाही, पण हेही एक कारण समजा.

कबड्डीकडे येऊ. साखळी करून पकड करताना दोन रक्षकांची डोकी एकमेकांवर आपटतात. पट काढायला, म्हणजे पाय धरायला, खाली वाकलेल्याच्या कानशिलात चढाईपटूचा गुडघा बसतो. मॅट असली तर ठीक. आपल्याकडे वरची माती बोटभर आणि खाली जांभा असं मैदान असलं तर बाहेर फेकला गेलेला गडी डोक्यावर पडतो. मग पाणी मारतात, दोन मिनिटं बसवतात आणि 'जा रे' म्हणतात. इथे माझा राग आहे. डोक्याला मार लागून गडी गोंधळला, अडखळला, ओकला, स्कोअर विसरला, तर त्या दिवशी तो पुन्हा उतरता कामा नये. पहिले २४ ते ४८ तास आराम, तेव्हा मोबाईलही कमी. मग चालणं, पळणं, पकडीशिवाय सराव, मग पूर्ण सराव, प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परतला तर एक पायरी मागे. ब्रिटनने स्थानिक खेळांसाठी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचनाच काढली की २१ दिवसांच्या आत स्पर्धेत उतरायचं नाही. आपल्या रात्रीच्या स्पर्धांत सलग तीन दिवस सामने असतात, म्हणजे तो गडी त्या स्पर्धेतून बाद. मंडळांना हे जड जाईल. जाऊ दे.

आणि मोजदाद. स्कॉटलंडला अभ्यास जमला कारण कोण खेळला आणि कोण कशाने गेला याच्या नोंदी होत्या. आपल्या मंडळांकडे सुवर्णमहोत्सवी स्मरणिका असतात, संघाचे फोटो असतात, खाली नावं असतात. त्या नावांपुढे जन्मसाल, कोपरा की चढाई, किती वर्षं खेळला आणि मृत्यूचं कारण एवढे चार रकाने आखले तरी पुढच्या पिढीतल्या कुणा डॉक्टरला त्यातून काही काढता येईल.

आता लक्षणं, कारण सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. जुना खेळाडू म्हटला की त्याच्या प्रत्येक अशक्तपणाला जुना मार चिकटवतात. 'नस दबलीय', 'शिरेवर शीर चढलीय'. हाडवैद्य, मालिश, बी१२ ची इंजेक्शनं यात सहा महिने सहज जातात. ओळख अशी: दुखत नाही, मुंग्या येत नाहीत, बधिरपणा नाही, तरी ताकद जाते. शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात चावी फिरत नाही, चालताना एका पायातली चप्पल निसटते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट होतो, करंगळीकडची बाजू त्या मानाने भरलेली राहते. काहींचं बोलणं आधी जड होतं, पाणी पिताना ठसका लागतो. नुसती पोटरी फडफडते आणि ताकद शाबूत आहे तर घाबरू नका. खेळणाऱ्यांत ते फार सामान्य आहे.

मानेचा एमआरआय काढला की पन्नाशीच्या जवळपास प्रत्येकाच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, आणि त्या चित्रावर ऑपरेशन होतं. हात सुकतोय, मान दुखत नाही, बधिरपणा नाही आणि जीभही फडफडतेय, तर सुरीआधी न्यूरॉलॉजिस्ट. नुसती एनसीव्ही (नसांतून संदेश कसा जातो ते बघणारी चाचणी) करून अर्ध्यावर थांबू नका, स्नायूत सुई घालून करायची ईएमजी चाचणी हवी, हात, पाय, पाठ, जीभ अशा वेगवेगळ्या भागांची. विशीतल्या मुलाचा एकच हात पंज्यापासून कोपरापर्यंत सुकला तर तो बहुधा हिरायामा आजार, जो काही वर्षांनी आपोआप थांबतो. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी हा नसांचा आजार हुबेहूब असाच दिसतो आणि त्याला इम्युनोग्लोब्युलिनने (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडींनी) उतार पडतो. या दोन्ही शक्यता तपासल्याशिवाय मोटर न्यूरॉनचा शिक्का मारायचा नाही. सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ, उत्तर रत्नागिरी आणि रायगडातून मुंबईचं केईएम रुग्णालय.

निदान पक्कं झालं की रिलुझोल हे औषध, ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उपाशीपोटी, सुरुवातीचे तीन महिने दर महिन्याला यकृताची तपासणी. चाचण्यांत त्याने आयुष्य दोन-तीन महिन्यांनी वाढलं, त्याहून मोठं वचन देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा. वजन घटू देणं हा मोठा घात. तूप, नारळाचं दूध, गुरगुट्या भात चालतो. कोकमाचं सार पातळ आणि आंबट, त्याने ठसका लागतो. आंबोळीचा कोरडा तुकडा घशात अडकतो. जिममध्ये वजनं उचलून स्नायू परत येत नाहीत, थकतात.

श्वासाची फुंकणी तपासणी दर तीन महिन्यांनी, बसून आणि झोपूनही. झोपल्यावर धाप, सकाळी डोकेदुखी, दिवसा झोप ही लक्षणं दिसली की बायपॅपचं, म्हणजे मास्कमधून हवा आत ढकलणाऱ्या यंत्राचं, बघायचं. बोटावरचं ऑक्सिमीटर बऱ्याच उशिरापर्यंत ९६ दाखवू शकतं, त्यावर विसंबू नका. इथे घातक चूक होते ती घरात ऑक्सिजनचं यंत्र आणून लावण्याची. छाती हलत नाही म्हणून कार्बन डायऑक्साइड साठतोय, वर नुसता ऑक्सिजन दिला तर माणूस गुंगीत जातो. हवा ढकलणारं यंत्र हवं, ऑक्सिजन हवाच असेल तर त्याच्या जोडीने. अन्नासाठी पोटात बसवायच्या नळीचा निर्णय फुप्फुसांची क्षमता निम्म्यावर यायच्या आत घ्यायचा, नंतर भूल झेपत नाही.

कोकणातल्या घरांसाठी एक शेवटची गोष्ट. आषाढात झाड तारांवर पडलं की वाडीची वीज रात्रभर नसते. बायपॅपसाठी इन्व्हर्टर आधी बसवा, यंत्र नंतर आणा. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हजार धरा. यंत्र एकटं ५०-६० वॅट खाईल तर रात्र निघते. पाणी तापवणारा ह्युमिडिफायर चालू असेल तर निघेलच असं नाही. वीज गेली की तो बंद करायचा, आणि हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवून ठेवायचं.