बंदराच्या किल्ल्या ज्याच्या हाती

१४६९ साली आज जपानमध्ये असलेल्या ओकिनावा बेटावरच्या र्‍युक्यू राज्यात सत्तापालट झाला, त्याचे श्रेय एका माणसाच्या सद्गुणांना देण्याची जुनी रीत मला पटत नाही. दरबारी इतिहास सांगतो की राजा शो तोकू मनमानी करणारा होता, कानामारू नावाचा सज्जन कारभारी त्याला समजावून थकला आणि १४६८ मध्ये उचिमा या आपल्या जहागिरीच्या गावी जाऊन राहिला. पुढे राजा वारल्यावर सरदारांनी आणि लोकांनी त्यालाच गादीवर बसवले. हा पहिला अधिकृत इतिहास १६५० सालचा, आणि तोही कानामारूच्याच वंशजांच्या राज्यात लिहिलेला. पूर्वजाची निंदा त्यात कोण करणार?

मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे पद. इझेना बेटावरच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या माणसाला शो तोकूच्या आधीचा राजा शो ताइक्यू याने १४५९ मध्ये नाहा बंदराचा आणि तिथल्या सरकारी कोठाराचा कारभार दिला. नाहा तेव्हा ओकिनावाच्या मुख्य भूमीपासून तुटलेले छोटे बेट होते, आणि काही वर्षांपूर्वीच बांधलेल्या लांब बंधाऱ्याने ते शुरी राजधानीच्या वाटेला जोडले गेले होते. ओमोनोगुसुकू हे कोठार बंदरातल्याच एका खडकाळ टेकाडावर होते. मिंग चीनमधून चिनी मातीची भांडी आणि रेशीम, सयाम आणि मलाक्काकडून मिरी आणि रंगासाठीचे पतंगाचे लाकूड, जपानमधून तलवारी असा माल नाह्यात उतरत असे, आणि चीनला जाणाऱ्या जहाजांत घोडे आणि गंधक भरले जाई. हा समुद्रव्यापार मुख्यतः राजाचा होता, त्यामुळे ते कोठार म्हणजे जवळजवळ खजिनाच. जहाजांची पत्रे लिहिणारे, दुभाषे आणि नाखवे पुरवणारी कुमे ही चिनी वसाहतही शेजारीच होती. अशा जागी काही वर्षे बसलेल्या अधिकाऱ्याला कोणाचे किती देणे आहे, कोण कोणावर नाराज आहे, हे शुरीतल्या कोणत्याही सरदारापेक्षा जास्त ठाऊक असणार.

त्यात शो तोकूने १४६६ मध्ये स्वतः किकाई बेटावर स्वारी केली. अशा मोहिमेचा भार शेवटी कोठारावरच पडतो, आणि राजा व कारभारी यांच्यातले वितुष्ट मला नीतीपेक्षा हिशेबाच्या वह्यांत शोधावेसे वाटते.

नव्या राजाच्या निवडीसाठी भरलेल्या सभेची आख्यायिका तर फार बोलकी आहे. एका वृद्धाने उठून घोषणा केली, तिचा आशय असा: वाघाचे पोर वाघच, दुष्ट राजाचे पोर दुष्टच, जो खायला देतो तोच आमचा धनी. पुढे त्याने कानामारूचा पुकारा केला तो बंदराच्या पदाच्या नावानेच. सद्गुणांचे नावही नाही, सरळ पोटाचा प्रश्न! वारस राजपुत्र त्या गोंधळात मारला गेला, हेही परंपराच सांगते, आणि ‘लोकांनी बसवलेला राजा’ या वर्णनात ते चटकन झाकले जाते.

कानामारू शो एन या नावाने राजा झाला आणि त्याचे घराणे १८७९ पर्यंत टिकले. त्याच्या वंशजांच्या काळात परदेश व्यवहार एका अधिकाऱ्याकडे, कोठार दुसऱ्याकडे आणि नाहा शहराचा कारभार तिसऱ्याकडे दिसतो. हे केवळ कामाच्या वाढत्या व्यापामुळे झाले असेल, असे म्हणता येईल. पण आपला मूळपुरुष कोणत्या खुर्चीवरून सिंहासनावर आला, हे त्या राजांना नक्कीच ठाऊक होते, आणि तीच खुर्ची अखंड ठेवून दुसऱ्या कोणाला देण्याची चूक त्यांनी केली नाही.